पिवळ्या हेडलाईटचं काम: घासाई, क्लिअर आणि मराठवाड्याचं ऊन

पाच-सात उन्हाळे उघड्यावर काढलेली कोणतीही गाडी बघा, बीडची असो, परभणीची असो की लातूरची. रंग बरा असतो, टायर बरे असतात, पण पुढचे दोन्ही दिवे पिवळट आणि धुरकट झालेले असतात. मालक आधी बल्ब बदलतो, मग जास्त वॅटचा टाकतो, तरी रस्ता दिसत नाही. दोष बहुतेक वेळा बल्बचा नसतो. उजेड लेन्सवरच अडतो, आणि जो बाहेर पडतो तोही रस्त्यावर एका जागी न पडता सगळीकडे फाकतो. त्यामुळे आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर मात्र झगमग जाते.

अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ साली जुन्या, धुरकट दिव्यांची चाचणी घेतली होती. नव्या दिव्याच्या तुलनेत त्यांचा उजेड २२ टक्क्यांपर्यंत खाली आला होता, आणि लेन्स नीट घासून दुरुस्त केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास परत आला. आपल्याकडे दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. एकामागे एक दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अशा रस्त्यावर २२ टक्के आणि ७० टक्के यांतला फरक म्हणजे ब्रेक वेळेवर दाबला जाणं किंवा न जाणं. म्हणून हे काम गाडी चकाचक दिसावी यासाठी नाही, रात्री घरी पोचण्यासाठी करायचं.

दिवे घासून देणारे आता तालुक्याच्या गावीही आहेत. अर्ध्या तासात लेन्स लख्ख करून देतात, मालक खूश होतो, आणि पुढचा मे महिना संपेपर्यंत दिवा पुन्हा पिवळा पडतो, कधी पहिल्यापेक्षाही जास्त. घासाई वाईट झाली म्हणून असं होत नाही. घासल्यावर वर क्लिअरचा, म्हणजे गाडीच्या रंगावर मारतात त्या पारदर्शक लेपाचा, थर दिला नाही म्हणून होतं.

लेन्स पिवळी का पडते

अँबेसेडर, जुनी जीप यांचे गोल दिवे काचेचे होते. ते पिवळे पडत नसत, दगड लागला की फुटत. आताच्या गाड्यांची लेन्स पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक हातोडी सहज सोसतं, पण दोन गोष्टी त्याला सोसत नाहीत: ओरखडा आणि सूर्याचे अतिनील किरण. म्हणून कारखान्यातच लेन्सवर एक कडक, पारदर्शक थर चढवून भट्टीत किंवा यूव्ही दिव्याखाली पक्का करतात. हा थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो, आणि दिव्याचं सगळं आयुष्य त्याच्यावर अवलंबून असतं.

आपल्याकडे त्या थराच्या मागे तीन गोष्टी लागतात. एप्रिल-मेमधलं चाळीसच्या वरचं ऊन ही पहिली. दुसरी धूळ. ती नुसती मातीची नसते, खडी क्रशरच्या भागात बेसॉल्टचा बारीक चुरा हवेत असतो, आणि सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसली की हा चुरा लेन्सवर पॉलिश पेपरसारखा चालतो. तिसरं बोअरचं जड पाणी. ते लेन्सवर वाळलं की पांढरे डाग धरतं, आणि ते डाग काढायला लोक जोर लावून घासतात. थराला आधी न दिसणाऱ्या भेगा पडतात, मग तो पापुद्र्यासारखा सुटायला लागतो, आणि उघडं पडलेलं पॉलिकार्बोनेट उन्हाने पिवळं होतं. लेन्सची आकाशाकडे तोंड असलेली वरची बाजू आधी जाते. खालची कडा बऱ्याचदा शेवटपर्यंत नव्यासारखी राहते. हे लक्षात ठेवा, घासताना हीच खालची कडा सगळ्यात जास्त त्रास देते.

आधी दिवा तपासा

लेन्सवर पाणी मारा. ओली असताना ती स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. घासाईने काम होणार. ओली असतानाही धुरकटच दिसली तर दोष आत आहे: आतल्या बाजूला ओल, धूळ किंवा धुराचा थर. बाहेरून कितीही घासलं तरी तो जाणार नाही.

मग टॉर्च तिरपी धरून बघा. प्लास्टिकच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर त्या खोल गेलेल्या भेगा आहेत. घासून थोड्या कमी होतील, जाणार नाहीत. गाडीमालकाला हे काम सुरू करण्याआधीच सांगायचं.

शेवटी आतला रिफ्लेक्टर बघा. तो आरशासारखा चमकत असेल तर ठीक. करडा, फुगे आलेला किंवा जळून तपकिरी झाला असेल तर पूर्ण हेडलाईट बदलण्याशिवाय इलाज नाही. साध्या एच-४ बल्बची जागा ६०/५५ वॅटसाठी केलेली असते. तिथे १००/९० चा बल्ब बसवला की रिफ्लेक्टर भाजतो, होल्डर वितळतो, आणि मूळ वायरिंगवर रिले, म्हणजे बल्बचा करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणारा भाग, नसेल तर स्विचही जातो. रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनिअमचा थर इतका नाजूक असतो की कोरडं फडकं फिरवलं तरी निघतो. त्याला हात लावायचाच नाही.

ओल आत कशी जाते याचं उत्तर बऱ्याच वेळा दिव्याच्या मागे सापडतं. बल्ब बदलताना मागचं रबरी टोपण परत बसवलेलंच नसतं, किंवा वायर ओढण्यासाठी कापून ठेवलेलं असतं. ते नवीन टाका, दिवा उन्हात वाळू द्या, हवा खेळण्याची नळी चिखलाने बुजली असेल तर मोकळी करा. हे केल्यावरच बाहेरच्या घासाईकडे वळा.

मागचे लाल दिवे हा वेगळा प्रकार आहे. ते साधारणपणे ॲक्रिलिकचे असतात, उन्हाला बरेच टिकतात. त्यांना २००० नंबरचा बारीक वॉटर पेपर आणि पॉलिश पुरतं. घासलेल्या ॲक्रिलिकवर स्पिरिट किंवा अल्कोहोल फिरवलं तर भेगा पडू शकतात, तिथे फक्त साबणाचं पाणी वापरा.

काय काय लागतं

ऑटो पेंटच्या दुकानात वॉटर पेपर नंबरावर मिळतो, नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. दोन दिव्यांसाठी ४००, ६०० आणि ८०० चा प्रत्येकी एक ताव, १००० चा एक. थर न देता फक्त पॉलिश करायचं असेल तरच १५००, २००० आणि ३००० लागतात. एक इंची मास्किंग टेप, साधा खाकी टेप नको, तो रंग उचलतो. स्प्रेची बाटली, रबराचा किंवा स्पंजचा छोटा ठोकळा, चार मायक्रोफायबर फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, भांडी घासायचं लिक्विड. आणि धुण्यासाठी जारचं पाणी, किमान शेवटच्या दोन धुण्यांना. बोअरचं पाणी घासलेल्या पृष्ठभागावर वाळलं तर क्षार ओरखड्यांत बसतात आणि क्लिअरखाली पांढरे ठिपके कायमचे राहतात.

थरासाठी गाड्यांना मारतात तोच टू-के क्लिअर घ्या, म्हणजे क्लिअर आणि त्याच कंपनीचा हार्डनर. फर्निचरला मारायचा पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) नको. गाडीच्या क्लिअरमध्ये ऊन शोषणारी रसायनं असतात, घरातल्या लाकडासाठी केलेल्या पॉलिशमध्ये ती असतीलच असं नाही. ज्या दुकानात रंग मिसळून देतात तिथे सुट्टा क्लिअर मागून बघा. दोन दिव्यांना ६० मिली क्लिअर आणि ३० मिली हार्डनर पुरून उरतो. हे प्रमाण दोनास एक झालं. काही क्लिअर चारास एक असतात. डब्यावर लिहिलंय तेच पाळायचं, अंदाजाने नाही. हार्डनर कमी पडला तर थर महिनाभर चिकट राहतो, जास्त झाला तर ठिसूळ होऊन तडकतो. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारा मापाचा कप किंवा सुई काढलेली सिरिंज वापरा.

घासाई

गाडी सावलीत आणा आणि लेन्स गार होऊ द्या. आधी भांड्याच्या लिक्विडने दोनदा धुवा. डॅशबोर्डला लावायच्या चकाकी स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. ते लेन्सवर असताना घासायला लागलात तर तेच ओरखड्यांत भरलं जातं आणि पुढे क्लिअर फाटतो.

दिवा काढता येत असेल तर काढा. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी बंपर सैल करावा लागतो, तासभर जातो, पण काम कडेपर्यंत होतं. काढणं शक्य नसेल तर बॉनेट उघडा, कारण लेन्सची वरची कडा त्याखाली लपलेली असते. आजूबाजूच्या रंगाला टेपचे दोन थर लावा. ४०० चा पेपर एका फेरीत रंगावरचा क्लिअर उडवतो, आणि मग दिव्याचं काम सोडून बंपर रंगवत बसावं लागतं.

पेपराच्या तावाचे चार तुकडे करा आणि १०-१५ मिनिटं पाण्यात भिजत ठेवा. पाण्यात लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, पेपर कमी चिकटतो.

सुरुवात कितीने करायची? लेन्स नुसती पिवळसर आहे, पापुद्रे कुठेच नाहीत, तर ६०० पुरे. थर ठिकठिकाणी सुटलाय, नकाशासारखे काठ दिसतायत, तर ४००. आपल्याकडच्या सात-आठ वर्षांच्या गाडीला साधारण ४०० च लागतो, आणि इथेच बहुतेक जण कच खातात. खरखरीत पेपराची भीती वाटते म्हणून १००० ने सुरू करतात, तासभर घासतात, वरचं पिवळं जातं, पण कारखान्याचा अर्धवट थर तसाच राहतो.

४०० चा पेपर ठोकळ्यावर धरून आडवा फिरवा, पाणी सतत मारत. सपाट भागावर ठोकळा, वळणावर हाताचा तळवा. बोटांच्या टोकांनी दाब दिला की तिथे खोबण पडते, आणि दिवा लावल्यावर ती रस्त्यावरच्या उजेडात रेषा म्हणून दिसते. सुरुवातीला ओघळणारं पाणी पिवळट, दुधाळ असतं. ते नुसतं पांढरं येऊ लागलं की खराब झालेलं प्लास्टिक निघालंय. मधेमधे लेन्स पुसून कोरडी करून बघा. सगळीकडे एकसारखी मंद पांढरी दिसायला हवी. कुठे चकाकणारा डाग दिसला तर तिथे जुना थर अजून आहे, आणि तो खालच्या कडेलाच सापडेल. तो भाग सूर्यापासून वाचलेला असतो, म्हणून तिथला थर दणकट असतो. कंटाळा न करता तोही काढा. अर्धा थर ठेवून वर क्लिअर मारला तर दोन्हींच्या सीमेची रेषा दिसत राहते, आणि पुढचा पापुद्रा तिथूनच सुटतो. लेन्सवर कोरलेली उठावाची अक्षरं असतील तर त्यांच्या भोवतीने जा.

मग ६००, पण आता उभा. आधीचे आडवे ओरखडे पूर्ण पुसले गेले की थांबा. मग ८००, पुन्हा आडवा. दिशा बदलायचं कारण हेच की आधीच्या नंबराचा एखादा ओरखडा राहिला तर तो उलट्या दिशेने लगेच डोळ्यांत भरतो. प्रत्येक नंबराला एका दिव्यामागे पाच-सहा मिनिटं द्या, आणि नंबर बदलताना लेन्स, ठोकळा, हात, सगळं धुवा. ४०० चा एक कण ८०० च्या पाण्यात राहिला तरी तो लांबलचक चर पाडतो. नंबर गाळू नका. ४०० वरून थेट १००० वर उडी मारली तर १००० चा पेपर खोल ओरखडे काढू शकत नाही, फक्त त्यांच्या कडा गोल करतो. लांबून लेन्स गुळगुळीत वाटते, दिवा लावला की ओरखडे उठून दिसतात.

क्लिअर मारायचा असेल तर ८०० वर, फार तर १००० वर थांबा. लेन्स यावेळी दुधी काचेसारखी दिसते आणि मालक शेजारी उभा असेल तर घाबरतो. त्याला लेन्सवर पाण्याचा फवारा मारून दाखवा. ओली लेन्स आरपार दिसते, क्लिअर बसल्यावर तशीच दिसणार आहे. इथून पुढे ३००० पर्यंत घासून, वर रबिंग कंपाउंड मारून मग क्लिअर देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती चुकीची आहे. क्लिअरला धरायला ओरखडे लागतात, गुळगुळीत प्लास्टिकवर तो नीट बसत नाही, आणि कंपाउंडमधलं तेल व मेण मागे राहतं ते वेगळंच.

क्लिअर

टेप बदला. घासाईचा टेप ओला आणि मळलेला असतो. नवा टेप लावताना लेन्सच्या कडेपासून मिलीमीटरभर मागे ठेवा, म्हणजे क्लिअर कडेवरून वळून खाली उतरेल. आजूबाजूचा मीटरभर भाग कागदाने किंवा प्लास्टिकने झाका, समोरच्या काचेसकट. क्लिअरचा तुषार लांब जातो आणि खरखरीत बसतो.

जारच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, फडक्यावर आयसोप्रोपिल घेऊन एकाच दिशेने पुसा. थिनरने पुसू नका, पेट्रोलने तर नाहीच. घासलेल्या पॉलिकार्बोनेटला कडक थिनर लागला की त्याच क्षणी किंवा दोन दिवसांनी आतपर्यंत बारीक भेगा पडतात, आणि त्या कुठल्याच पेपराने निघत नाहीत. वर्षानुवर्षं पत्र्याच्या कामात थिनरचा हात बसलेल्या पेंटरकडून हीच चूक जास्त होते, कारण पत्र्याला थिनर काही करत नाही.

क्लिअर आणि हार्डनर ढवळून गाळणीतून गाळा. स्प्रे गनला १.३ मिमीचा नोझल असेल तर हवेचा दाब ३० पीएसआयच्या आसपास. पातळ करायची गरज वाटली तर त्याच कंपनीचं थिनर, ते दहा टक्क्यांच्या वर नाही. गन १५ ते २० सेंटिमीटरवर धरा, फवारा लेन्सच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पहिला हात अगदी हलका, नुसता धुक्यासारखा. त्यातलं सॉल्व्हंट उडून जायला दहा मिनिटं द्या. हा हात जाड मारला तर सॉल्व्हंट प्लास्टिकला खातं. दुसरा हात मध्यम. पुन्हा दहा मिनिटं. तिसरा भरून, ओला दिसेल इतका. तिसऱ्या हाताला लेन्स एकदम स्वच्छ होते आणि मोह होतो अजून एक मारायचा. थांबा. उभ्या लेन्सवर चौथ्या हाताने ओघळ येतात.

शेवटच्या हातानंतर २०-३० मिनिटांत, क्लिअर मऊ असतानाच टेप हळूच बाहेरच्या बाजूला ओढून काढा. दुसऱ्या दिवशी काढायला गेलात तर क्लिअर टेपला धरून कडेला फाटतो. गाडी रात्रभर हलवू नका, आठवडाभर शाम्पूने धुऊ नका, दाबाचं पाणी मारू नका.

गन नसेल तर टू-के चा स्प्रे कॅन मिळतो. त्याच्या बुडाशी एक कळ असते, ती दाबली की आतला हार्डनर मोकळा होतो. एकदा कळ दाबली की कॅन एक-दोन दिवसांत आतच घट्ट होतो, म्हणून त्याच दिवशी मित्राची गाडीही घासून तयार ठेवा. साधा, हार्डनर नसलेला क्लिअर स्प्रे स्वस्त पडतो, दिसतोही तसाच, पण पेट्रोलचा हात लागला तरी विरघळतो आणि उन्हात लवकर पापुद्रे धरतो. त्याच्यावर पैसे घालवू नका.

एका गोष्टीवर तडजोड नको. टू-के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला एकदा झोंबलं की माणसाला कायमचा दमा लागू शकतो, आणि पुढे थोड्याशा वाफेनेही त्रास होतो. गावोगाव पोरं तोंडाला गमछा बांधून हे मारतात, काही जण करोनातला मास्क लावतात. दोन्हींचा वाफेसाठी उपयोग शून्य आहे. रासायनिक वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क, चष्मा, हातमोजे, आणि मोकळी हवा. दम्याचा माणूस असेल त्याने हे काम करूच नये. ज्यांच्याकडे मास्क नाही त्यांनी घासाई घरी करावी आणि क्लिअर चांगल्या पेंटिंग बूथवाल्याकडून मारून घ्यावा. दोन दिव्यांना त्याला पाऊण तास लागतो.

वेळ आणि हवा

मे महिन्यात दुपारी क्लिअर मारला तर तो लेन्सवर पोचेपर्यंतच अर्धा वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. कपातला उरलेला मालही लवकर घट्ट होतो. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा, वारा सुटायच्या आत. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली असताना मारूच नका. हार्डनरची हवेतल्या ओलीशी क्रिया होते, थरात बुडबुडे येतात किंवा तो पांढुरका पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, मात्र पहाटेचं दव उडाल्यावर, दहाच्या पुढे. शेडमध्ये जमिनीवर पाणी शिंपडा, पंखा बंद ठेवा.

बिघडलं तर

क्लिअरमध्ये छोटे खड्डे, माशाच्या डोळ्यासारखे, दिसले तर सिलिकॉन किंवा तेल राहिलंय. वरून अजून क्लिअर मारून ते भरत नाहीत. वाळू द्या, ६०० ने पूर्ण घासा, धुऊन परत मारा. ओघळ आला असेल तर आठवडाभराने फक्त तेवढा भाग १५०० आणि २००० ने उतरवून कंपाउंडने चमकवा. मशीनने चमकवताना वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. पॉलिकार्बोनेट १४७ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि फोमच्या घर्षणाने एका ठिकाणी तेवढी उष्णता तयार व्हायला वेळ लागत नाही. थर सालपटासारखा सुटला तर घासाई अपुरी होती किंवा पुसणं. डागडुजी करू नका, सगळा काढून पुन्हा सुरुवात करा.

टूथपेस्टबद्दल सगळे विचारतात. तिच्यात बारीक खर असते, ती वरचं थोडं पिवळं उतरवते आणि उरलासुरला थरही उतरवते. काही आठवड्यांत दिवा होता तसा. डास पळवायच्या स्प्रेने लेन्स एका मिनिटात चमकते हे खरं आहे, कारण त्यातलं डीईईटी प्लास्टिक विरघळवतं. काही शहरांत कपात द्रव तापवून त्याची वाफ लेन्सवर सोडतात. त्या द्रवात डायक्लोरोमीथेन किंवा क्लोरोफॉर्मसारखी सॉल्व्हंट असतात. वाफेने पृष्ठभाग वितळतो आणि आरशासारखा होतो, ऊन अडवणारं मात्र वर काहीच राहत नाही, मागाहून भेगा पडतात, आणि मारणाऱ्याच्या छातीत ती वाफ जाते. हे करून घेऊ नका.

क्लिअरला पर्याय हवा असेल तर पीपीएफ, म्हणजे गाड्यांना लावतात ती जाड पारदर्शक फिल्म. त्यासाठी लेन्स ३००० पर्यंत घासून कंपाउंडने पूर्ण चमकवावी लागते, कारण फिल्म मोठे ओरखडे लपवत नाही. खड्ड्यांच्या, खडीच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्या गाडीला फिल्म जास्त योग्य, दगडाचा मार ती स्वतः घेते. सिरॅमिक कोटिंग लेन्सला चकाकी देतं, पाणी टिकू देत नाही, पण थर अतिशय पातळ असतो. उघड्या पॉलिकार्बोनेटवर फक्त त्याच्या भरवशावर मराठवाड्यातला उन्हाळा काढायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

उजेडाची पातळी

लेन्स स्वच्छ झाली की आधी फाकणारा उजेड एका जागी येतो, आणि दिवा वर लागलेला असेल तर आता समोरच्याला तो पहिल्यापेक्षा जास्त टोचतो. म्हणून पातळी तपासल्याशिवाय गाडी देऊ नका. सपाट जागी, टायरची हवा बरोबर, चालकाच्या जागेवर माणूस बसलेला, डॅशबोर्डवरची पातळीची चकती शून्यावर. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा. डिपरच्या उजेडाची वरची कडा त्या खुणेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली यायला हवी, आणि डावीकडे ती तिरपी वर चढायला हवी. ती डावी चढण रस्त्याच्या कडेचा माणूस, बैलगाडी आणि ट्रॉलीचा कोपरा दाखवते. बॉनेटखाली दिव्याच्या मागे फिरवायचा स्क्रू असतो, त्याने खाली-वर करा.

नंतर लेन्स कोरड्या फडक्याने पुसायची नाही, आधी पाणी. महिन्या-दीड महिन्याने गाडीचं साधं वॅक्स दिव्यांवरही फिरवा. गाडी उघड्यावरच उभी राहणार असेल तर तोंड उत्तरेकडे करा. आपल्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ सोडला तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि ते बाकीचे महिने दिव्यांवर थेट ऊन कमी पडतं. काही वर्षांनी थर पुन्हा मंद दिसायला लागला तर पापुद्रे सुटायची वाट बघू नका. थर अजून धरून आहे तोवर ८०० ने हलकं घासून नवे दोन हात मारले की भागतं. एकदा कडेने सुटायला लागला की मात्र पुन्हा ४०० पासून.